थेंब बुडायला हवा

माझ्या सासूबाईंनी शेवटपर्यंत वज्रेश्वरीत कुणाला सांगितलं नाही, की त्यांची सून रक्तपेढीत कामाला आहे. देवळाच्या वाटेवर आमचं नारळ-हारांचं दुकान. गिऱ्हाइकानं विचारलं, "सूनबाय दिसत न्हाय?" की त्या म्हणायच्या, "भिवंडीला दवाखान्यात हाय." मग ऐकणारा मला नर्स समजायचा आणि त्या समजू द्यायच्या. लोकांच्या दंडात सुई खुपसून रक्त काढते, हे देवाच्या दारात बसून सांगण्यासारखं त्यांना वाटत नसे. माझ्या काळात काचेच्या बाटल्या गेल्या, प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, यंत्रं आली. सासूबाईंचं मत मात्र होतं तिथेच राहिलं.

आता निवृत्त झाल्यावर सांगायला हरकत नाही. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ होते. एकोणतीस वर्षं. या काळात किती दंड पाहिले ते मोजलं नाही, पण माणूस खुर्चीत बसला की त्याच्या चेहऱ्याआधी मला त्याची शीर दिसायची. अजूनही एसटीत शेजारी कुणी बाही वर करून बसलं, की नजर आधी कोपराच्या खळग्याकडे जाते. काय करणार!

आमच्या धंद्यातली गोम एका वाक्यात सांगता येते. रक्त कुठे तयार करता येत नाही आणि साठवूनही फार दिवस ठेवता येत नाही. तांबड्या पेशींची पिशवी शीतपेटीत महिना-सव्वा महिना टिकते, मग टाकून द्यावी लागते. म्हणजे एकाच दिवशी दोनशे माणसं रांगेत उभी राहिली, की आमचं भलं होतं असं नाही. आम्हाला लागतात ती थोडी थोडी, पण वर्षभर येत राहणारी माणसं. हे मला पुस्तकात वाचून कळलं होतं. पण खरं समजलं ते दिघाशी गावच्या निकितामुळे.

निकिता पहिल्यांदा आमच्या दारात आली तेव्हा दहा महिन्यांची होती. आई वैशाली तिला पदराखाली झाकून बसली होती. पोर गोरी दिसत होती, आणि आईला शेजारणी म्हणायच्याही, "किती गोरी पोर झाली गो!" तो गोरेपणा नव्हता. अंगात रक्तच नव्हतं. थॅलेसेमिया. आई-बाप दोघेही धडधाकट; पण दोघांच्याही अंगात या आजाराचा अर्धा अर्धा वाटा लपलेला, आणि मुलीच्या वाट्याला पूर्ण आलेला. अशा मुलांच्या अंगात नीट रक्त बनतच नाही. दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं द्यावं लागतं. एकदा दिलं आणि बरं झालं, असं नाही. जन्मभर.

त्यात तिचा गट ओ निगेटिव्ह. हा गट सगळ्यांना चालतो, पण या गटाच्या माणसाला मात्र दुसरा कुठलाच चालत नाही. आणि आपल्याकडे अशी माणसं शोधायला गेलं तर गावात एखादं सापडतं.

मी हे वैशालीच्या थोरल्या दिरांना समजावून सांगितलं. जनूशेठ त्यांचं नाव. शेतात गोदामं उभी राहिल्यापासून नावापुढे शेठ लागलेलं, मनानं राजा माणूस. ते म्हणाले, "ताई, तुमी काय टेन्शन घेव नका. किती मानसा पायजेत? टेम्पो भरून आनतो."

आणि आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात टेम्पो उभा, आत बावीस जवान पोरं. सगळे हसतखिदळत उतरले. एकाने आत पाऊल टाकलं, सुई पाहिली आणि जागच्या जागी खाली बसला. तपासण्या केल्या, चौदा जण देण्याजोगे निघाले. त्यांच्यात ओ निगेटिव्ह एकही नाही. तरी रक्त कुणाच्या ना कुणाच्या कामी येतंच, म्हणून आम्ही घेतलं. त्यातला एकजण, सुई लावणार तेवढ्यात, हळूच मला म्हणाला, "ताई, मला दोन म्हैन्यापूर्वी कावीळ झालेली. चालेल ना?"

"मग फॉर्मवर 'नाही' का लिहिलंस?"

"शेट म्हनला चल, मंग न्हाय कसा बोलू?"

मी सुई ठेवली, त्याला उठवलं आणि बाहेर सांगितलं की याचं वजन कमी भरतंय. त्याची अब्रू राखली गेली आणि कुणातरी पेशंटचा जीवही. घाईगर्दीत नातेवाइकांनी ओढून आणलेल्या माणसाची हीच भीती असते. तो भिडेपोटी आलेला असतो, आणि भिडेपोटी आलेला माणूस खरं सांगत नाही. आपण होऊन येणाऱ्याला खोटं बोलायचं कारणच नसतं. तपासण्या आम्ही सगळ्या करतो, पण नुकता लागलेला आजार कधी कधी तपासणीलाही चकवतो. तिथे माणसाचं खरं बोलणं हाच आधार.

ते बावीस जण पुन्हा काही आले नाहीत. त्यांचा दोष नाही. त्यांना वाटलं, एकदा दिलं, पोर वाचली, विषय संपला.

निकिताचं तोवर ठाण्या-कल्याणच्या पेढ्यांकडून मागून आणलेल्या पिशव्यांवर भागत होतं. ती तीन वर्षांची असताना रफीकभाई आले.

भिवंडीतल्याच नारपोलीला एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, आवारात आम्ही शिबिर लावलं होतं. लूमच्या खडखडाटात वीस वर्षं काढल्यामुळे रफीकभाईंचे कान मंद झालेले. त्यामुळे ते कुठेही असले तरी लूम चालू असल्यासारखं ओरडून बोलत. केसांत, भुवयांत सुताचा पांढरा भुगा. त्या शिबिरात त्यांनी रक्त दिलं आणि गट निघाला ओ निगेटिव्ह. महिन्याभराने रक्तदात्याचं कार्ड न्यायला पेढीत आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "तुमचा गट फार कमी मिळतो, भाई. तुम्ही दर तीन महिन्यांनी याल का?"

त्यांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा मोठ्यानं सांगितलं. ते कार्डाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, सेठ लोग रोज बोलते हैं, तू जाएगा तो दस आएँगे. तुम पहली हो जो बोल रही है कि मेरे जैसा मिलता नहीं."

त्यानंतर दर तीन महिन्यांनी, नव्वद दिवस भरले की पहिल्या शुक्रवारी ते हजर. शुक्रवारी लूम बंद. आंघोळ करून, केस विंचरून, इस्त्रीचा कुर्ता घालून येत. बोट पुढे करत आणि त्या निळ्या पाण्याकडे टक लावून बसत.

निळं पाणी म्हणजे मोरचुदाचं पाणी. देणाऱ्याच्या बोटातून काढलेला रक्ताचा थेंब त्यात सोडायचा. रक्तात पुरेसं लोह असेल तर थेंब जड होऊन तळाशी बुडतो. नसेल तर वर तरंगत राहतो. साधी, जुनी परीक्षा. थेंब बुडाला की रफीकभाई अख्ख्या पेढीला ऐकू जाईल असं म्हणत, "डूब गया! चलो मॅडम, लगाओ."

एकदा पिशवी भरत असताना त्यांनी विचारलं, "अपना खून जाता किसको है?"

मला माहीत होतं. त्यांच्या बहुतेक पिशव्या निकितालाच जात. पण देणाऱ्याला घेणाऱ्याचं नाव सांगायचं नाही आणि घेणाऱ्याला देणाऱ्याचं, हा आमचा नियम. चांगलाच नियम आहे. उपकाराचं ओझं दोन्ही बाजूंनी वाईट. मी म्हटलं, "ज्याला लागतं त्याला पोचतं, भाई."

"पहुँचता है ना? बस."

तिकडे वैशालीही विचारायची. वॉर्डात लेकीला पिशवी लावली की ती त्या लाल नळीकडे बघत बसे. "ह्ये रगत कोनाचा हाय, ताई? पोरीच्या तोंडावर कशी लाली येते बघा." मी तिलाही सांगितलं नाही. मग एकदा हिवाळ्यात तिने पिशवीभर वालाच्या शेंगा आणून माझ्या टेबलावर ठेवल्या. "आमच्या वाडीतल्या हायत. नाव नका सांगू. पन ज्यानी दिला त्याच्या घरी पोचवा."

पुढच्याच शुक्रवारी रफीकभाईंची पाळी होती, तेव्हा त्या मी त्यांना दिल्या. कुणाकडून, ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. मोठ्यांदा म्हणाले, "आज घर में सेम की सब्जी!" नियम मोडला की नाही यावर आमचे डॉक्टर आणि मी बरेच दिवस वाद घालत होतो.

निकिता अकरा वर्षांची झाली त्या वर्षीच्या मे महिन्याची गोष्ट आता सांगते.

मे महिना भिवंडीच्या रक्तपेढीला नकोसा. लूमचे कामगार मुलूखला, आपापल्या गावी, जातात, कॉलेजं बंद, लग्नसराई जोरात, शिबिरं एकही लागत नाहीत. पेटीतले कप्पे रिकामे होत जातात आणि आजार तर सुट्टीवर जात नाही. त्या वर्षी ओ निगेटिव्हचा कप्पा पूर्ण रिकामा झाला. निकिताची तारीख येऊन गेली. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. ओ निगेटिव्ह देणाऱ्यांची मी एक वही ठेवली होती, तिच्यातल्या प्रत्येकाला फोन केला. एकाला टायफॉईड झालेला, एकजण परदेशी गेलेला, एकाला महिन्यापूर्वीच दुसऱ्या पेढीने बोलावून नेलेलं. ठाण्याला विचारलं, कल्याणला विचारलं, मुंबईत विचारलं. सगळीकडे एकच उत्तर, "मे महिना आहे हो ताई."

वैशाली रोज दिघाशीहून पोरीला घेऊन येत होती. सहाव्या दिवशी निकिताला पेढीच्या तीन पायऱ्या चढवेनात. दुसऱ्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "आई, तू जा पुढं, मी येते मागून." आवाजात तक्रार नव्हती. मला तेच बघवलं नाही. हिमोग्लोबिन पाचावर आलं होतं.

रफीकभाई उत्तर प्रदेशात त्यांच्या गावी पुतण्याच्या लग्नाला गेले होते. त्यांना फोन करावा की नाही यावर मी दोन दिवस घालवले होते. सुट्टीवर गेलेल्या माणसाला दीड हजार किलोमीटरवरून कसं बोलवायचं? पण पायरीवर बसलेली पोर पाहिली आणि केला. नाव सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "भाई, तुमच्या गटाची फार गरज आहे."

पलीकडे लग्नाचा गलबला. ते ओरडले, "मॅडम, मेरे नब्बे दिन कब पूरे होते हैं?"

मी वही पाहिली. "परवा."

"तो परसों आता हूँ."

आरक्षण मिळालं नाही. जनरलच्या डब्यात दाराशी बसून ते आले. सकाळी नऊ वाजता थेट स्टेशनवरून पेढीत. डोळे लाल, ओठ सुकलेले, कुर्ता चुरगळलेला. त्यांची मुलगी शबाना त्यांना भेटायला डबा घेऊन आली होती. तिला नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झालेली. कॉलेजची प्रवेशपरीक्षा होती म्हणून गावी न जाता भिवंडीत मावशीकडे राहिली होती. बापाने आधी दोन घास खावेत म्हणून तिने हट्ट धरला. त्यांनी उभ्या उभ्याच खाल्लं आणि बोट पुढे केलं.

मी थेंब सोडला. तो तरंगला.

आम्ही तिघंही बघत राहिलो. मी दुसरा थेंब घेतला. तो अर्ध्यावर गेला आणि परत वर आला.

"फिर से डालो," रफीकभाई म्हणाले. पहिल्यांदाच हळू आवाजात.

डॉक्टरांनी तपासलं. रक्तदाब उतरलेला, रात्रभर झोप नाही, गेले काही महिने लूम धड चालत नव्हते तेव्हा खाणंपिणंही यथातथाच असावं. डॉक्टर म्हणाले, "नाही घेता येणार. यांनाच त्रास होईल, आणि हे रक्त पेशंटलाही पुरेसं पडायचं नाही."

ते त्यांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. आजवर कितीतरी लोकांना मी "आज नको" म्हटलं असेल. सुटलो म्हणून खूश होणारेच जास्त असतात. रफीकभाईंनी माझे हात धरले. "मॅडम, लिख के देता हूँ, मेरी ज़िम्मेदारी. मैं इसके लिए ही आया हूँ ना?" मी मान हलवली. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते. मी इतकी वर्षं या धंद्यात, पण रक्त देता आलं नाही म्हणून रडणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

शबाना इतका वेळ डब्याचं झाकण हातात धरून उभी होती. ती पुढे आली. "मॅडम, मेरा चेक करो."

रफीकभाई गर्रकन वळले. "तू नहीं."

"क्यों?"

"लड़की है तू. शादी होनी है. कमज़ोरी आ जाएगी."

हाच माणूस लूमवरच्या दोस्तांना सांगत असे की रक्त दिल्याने काही होत नाही, दोन दिवसांत पाणी भरून निघतं, दोन-तीन महिन्यांत पेशीही भरून येतात. स्वतःच्या लेकीची वेळ आली तेव्हा त्यालाही तीच जुनी भीती.

शबाना म्हणाली, "अब्बा, आप इतने साल से दे रहे हो. आप कमज़ोर हुए?" आणि मग, थोडं थांबून, "या मुझे झूठ बोलते थे?"

ते बाकावर बसले. मी शबानाला म्हटलं, "बघ, तुझा गट हाच असेल असं नाही. आणि तुला वाटलं तरच. अब्बांसाठी नाही, माझ्यासाठी नाही."

"मुझे देना है," ती म्हणाली.

वजन सत्तेचाळीस. चालतं. गट तपासला, ओ निगेटिव्ह. मग मी निळ्या पाण्यात थेंब सोडला. रफीकभाई बाकावरून उठून काचेपाशी येऊन वाकले. थेंब क्षणभर वर थबकला, मग दगडासारखा सरळ तळाशी गेला. रफीकभाई काही ओरडले नाहीत. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जा, लेट जा."

पिशवी भरेपर्यंत ते तिच्या उशाशी उभे होते आणि तिने विचारलेलं नसताना तिला सांगत होते, "कुछ नहीं होता. मुठ्ठी खोल, बंद कर. कुछ नहीं होता."

तपासण्या आटोपून, जुळणी करून दुपारी पिशवी वॉर्डात गेली. मी ड्युटी संपवून निघताना डोकावले. निकिता उठून बसली होती आणि आईकडे वडापाव मागत होती. वैशाली रडत होती आणि हसत होती. "भूक लागली तिला, ताई," एवढंच म्हणाली. आठवड्यात पोरीने पहिल्यांदा काही मागितलं होतं.

त्या दिवशी एसटीत बसल्यावर मला एका गोष्टीची लाज वाटली, ती अजून पुरती गेलेली नाही. माझ्या ओ निगेटिव्हच्या वहीत एकही बाई नव्हती. मी स्वतः बाई असून इतक्या वर्षांत कधी बायकांना मनापासून विचारलंच नव्हतं. आपल्याकडे बायकांचे थेंब बहुतेक तरंगतात, घरातले येऊ देत नाहीत, कशाला उगाच, असं मी धरूनच चालले होते. रफीकभाईंना मी काय नावं ठेवणार! लोहाच्या गोळ्या घेऊन, चांगलं खाऊन थेंब बुडवता येतो, हे मी सांगू शकत होते. सांगितलं नव्हतं. किती निकितांना मे महिन्यात वाट बघावी लागली असेल?

मग सांगायला लागले. नारपोलीच्या चाळींत, दिघाशीच्या बचत गटात, पाड्यांवरच्या बायकांच्या बैठकीत. एका पाड्यावर एक म्हातारी म्हणाली, "आमच्यात कुठून आलंय रगत बाय, आमालाच दे थोडा." ती खरंच बोलत होती. तिथे मी रक्त मागायचं सोडून आधी तपासण्या करून घेतल्या आणि गोळ्या मिळवून दिल्या. दोन वर्षांनी त्याच पाड्यावरच्या तीन बायका पायी रस्त्यापर्यंत येऊन, जीप पकडून शिबिराला आल्या. तिघींपैकी दोघींचे थेंब बुडाले. तिसरी हिरमुसली होऊन माझ्याशी भांडली. मला इतका आनंद झाला की मी तिला बिस्किटाचे दोन पुडे दिले.

निकिता मोठी होत गेली. अठरा पूर्ण झाली त्या आठवड्यात ती एकटीच माझ्याकडे आली. "ताई, आता मला रक्त देता येईल ना?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी तिला समोर बसवलं आणि सांगितलं, की तुला कधीच देता येणार नाही. तिला बहुधा माहीत होतं. तरी थोडा वेळ ती नखांकडे बघत बसली. मग म्हणाली, "मग दुसरं काय करता येईल?"

तिचं अक्षर सुंदर. मी तिला शिबिरात नावं लिहायला बसवलं.

माझ्या नोकरीतलं शेवटचं शिबिर नारपोलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. दाराशी टेबल मांडून निकिता बसली होती, फॉर्म भरून घेत होती. मी आत सुया, पिशव्या लावत होते. शबाना आली. आता तिचं लग्न झालेलं, कल्याणहून नवऱ्याच्या स्कूटरवर बसून आलेली. नवरा बाहेर गाडी लावत होता. ती निकिताच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसली. या दोघी याआधी कधी भेटलेल्या नव्हत्या, आणि त्यांचं एकमेकींशी काय नातं आहे हे त्या हॉलमध्ये मला एकटीलाच माहीत होतं.

निकिताने नाव विचारलं, लिहिलं. मग विचारलं, "पहली बार?"

"चौदहवीं," शबाना म्हणाली.

निकिताने पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं. "बाप रे!"

"तुम नहीं देती?"

"मला चालत नाही," निकिता सहज म्हणाली. "मी घेणारी आहे. हर तीन हफ्ते."

मी हातातलं काम सोडून ऐकत होते. एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. ते मी गिळलं.

शबानाने हात पुढे करून निकिताच्या हातावर ठेवला. "अच्छा. बैठना तुम, जाना मत. मैं देके आती हूँ, फिर साथ में चाय पिएँगे."

"बसते," निकिता म्हणाली, आणि तिने पुढच्या माणसाचा फॉर्म ओढला.

शबाना आत येऊन माझ्यासमोर आडवी झाली. "मॅडम, रो क्यों रही हो?"

"कुठे रडते," मी म्हटलं, आणि तिच्या दंडाला पट्टा बांधला.